पोस्टर छापायला देण्याआधी: मुलांवरचे आघात टाळण्याचे संदेश कसे तपासून घ्यायचे

अंगणवाडीच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी आमचं पोस्टर हातात घेतलं, आधी लांब धरलं, मग जवळ धरलं आणि विचारलं, “ह्या बाप्याला चढलीय का?” चित्रात एक बाप हात उगारून उभा होता आणि समोर सहा-सात वर्षांचं पोर मान खाली घालून. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मुलांना मारू नका. माराचा मेंदूवर आयुष्यभर परिणाम होतो.’ आमच्या डोक्यातला बाप दारुडा नव्हता. दिवसभर राबून घरी आलेला, कुठल्याही घरातला होता. पण चित्रकाराने त्याचे केस विस्कटलेले आणि शर्टाची वरची बटणं उघडी काढली होती. तेवढ्यावरून तिथल्या बायकांनी ठरवून टाकलं की हे पोस्टर पिणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

एक आई मात्र तोवर काहीच बोलली नव्हती. निघताना पायरीवर चप्पल घालता घालता ती मला हळूच म्हणाली, “ताई, मी लहानपणी लई मार खाल्लाय. मग माझं डोकं बिघडलेलंच आहे म्हणायचं का?”

ते पोस्टर आम्ही छापलं नाही. या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी ती पायरीवरची आई आधी सांगते. लहान मुलांवरच्या आघातांबद्दल आपण बोलतो ते मोठ्यांशी, आणि ऐकणाऱ्या माणसाचं स्वतःचं बालपण तिथे त्याच्या शेजारी बसलेलं असतं. हात धुण्याच्या पोस्टरचं तसं नसतं. म्हणून इथे संदेश कळला का, एवढंच बघून भागत नाही. तो ऐकून माणूस घरी काय घेऊन गेला, तेही बघावं लागतं.

पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. संस्था लहान असली, हाताशी दोनच माणसं असली तरी हे जमतं. दोन-तीन आठवडे मात्र काढून ठेवा, आणि छापखान्याची तारीख त्यानंतरचीच घ्या.

आधी विषयाची पकड

‘बालपणातले प्रतिकूल अनुभव’ हा विषय जगभर चर्चेत आला तो १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासामुळे. व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसेवेत तपासणीला येणाऱ्या प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. मार, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ, आईला होणारी मारहाण, घरातलं व्यसन, घरातला मानसिक आजार, घरातलं कुणी तुरुंगात, असे सात प्रकार त्यांनी धरले होते. जितके प्रकार वाट्याला जास्त आले, तितकं मोठेपणी हृदयविकार, व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण जास्त, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांच्या छळाविषयी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यं, १२,४४७ मुलं. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक छळ सोसलेला होता.

हे तुम्हाला माहीत हवंच. पण ते जसंच्या तसं पोस्टरवर चढवायचं नसतं. फेलिटी आणि अँडा यांचा अभ्यास हजारो माणसांच्या समूहाबद्दल बोलतो. एका माणसाचं पुढे काय होईल, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही, आणि अँडा यांनी स्वतःच सहकाऱ्यांसह २०२० मध्ये तसं बजावलं आहे. पोस्टरवर उतरताना मात्र त्याचं ‘आयुष्यभर परिणाम’ होतं, आणि पायरीवरची आई ते स्वतःला लावून घेते.

कृती एकच, आणि ती कुणी करायची

कागदावर हे वाक्य लिहा: ‘हे ऐकून अमक्याने उद्या सकाळी तमकं करावं.’ अमक्याच्या आणि तमक्याच्या जागा भरता आल्या नाहीत, तर चाचणीला, म्हणजे लोकांना मसुदा दाखवून विचारायला, जाऊ नका. तुमच्याकडे अजून संदेश नाही, नुसती तळमळ आहे.

‘लहान मुलांना एकटं सोडू नका’ हे घ्या. वाक्य बरोबर आहे, कुणीही मान डोलावेल. आता ते बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबासमोर ठेवून बघा. दिवाळीच्या सुमाराला ही माणसं गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची असते. पहाटे अंधारात फडावर निघालेल्या बाईने तान्हं लेकरू कुठे ठेवायचं? फडाच्या कडेला पाचटावर, नाहीतर कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीत, सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली. तिला आपला संदेश शंभर टक्के कळतो. ती “बरोबर आहे ताई” म्हणते. आणि तिच्या पदरात शरमेशिवाय काहीही पडत नाही.

तिथे संदेशाचा पत्ताच चुकलेला असतो. तोच विषय गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे न्या: ‘कोणती मुलं आई-बापाबरोबर निघणार आहेत त्यांची यादी दिवाळीच्या आधी करा, हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत पाठवा.’ इथे कोण, काय आणि कधी, तिन्ही भरता येतं. म्हणून चाचणीच्या पहिल्याच फेरीत मी एक प्रश्न हमखास ठेवते: “हे करायला घरात, गावात काय काय लागेल?” उत्तरांची यादी आईच्या आवाक्याबाहेर गेली, तर ऐकणारा बदलायचा. चाचणी म्हणजे वाक्य घासूनपुसून घेणं, असा नव्या लोकांचा समज असतो. पण माझ्या अनुभवात चाचणीने सगळ्यात मोलाचं जे दाखवलं, ते बहुतेक वेळा हेच होतं, की आपण चुकीच्या माणसाशी बोलत होतो.

शब्द एकेक करून तपासा

आपल्या क्षेत्रातले शब्द इंग्रजी अहवालांतून आलेले आहेत आणि मराठीत त्यांची घरं वेगळी आहेत. गटासमोर जाण्याआधी मसुद्यातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द तीन-चार जणांना सुटा विचारा: “हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं?” मला मिळालेली काही उत्तरं सांगते.

‘बाल अत्याचार’ म्हटलं की वर्तमानपत्रातली बलात्काराची बातमी डोळ्यांसमोर येते. त्यात रोजची मारझोड, उपाशी ठेवणं, घालूनपाडून बोलणं बसतच नाही. ‘हिंसा’ म्हणजे खूनखराबा किंवा दंगल. घरातला धपाटा म्हणजे हिंसा, हे कुणाच्या मनात येत नाही, आणि तसं म्हटलं की लोक दुखावतात. ‘दुर्लक्ष’ म्हणजे पोराचं अभ्यासाकडे दुर्लक्ष. दोष पुन्हा पोराचाच. ‘ट्रॉमा’ म्हणजे महामार्गावरचं अपघाताचं हॉस्पिटल, कारण ‘ट्रॉमा केअर सेंटर’ची पाटी सगळ्यांनी वाचलेली असते.

सगळ्यात जपून वापरावा असा शब्द ‘विषारी ताण’. इंग्रजीतल्या ‘टॉक्सिक स्ट्रेस’वरून शब्दशः उचललेला. शेतकरी भागात ‘विषारी’ म्हटलं की फवारणीचं औषध आठवतं, आणि ‘औषध प्यायला’ म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. एका बैठकीत हा शब्द उच्चारताच दोन बायका एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. नंतर कळलं, त्यातल्या एकीचा दीर तसाच गेला होता. तेव्हापासून तो शब्द मी कुठल्याही संदेशात ठेवत नाही. “घरात सारखी धास्ती असली की लेकरू आतून दबून जातं” असं म्हटलं की लोक आपणहून उदाहरणं देतात.

मुलांसाठीच्या संदेशात ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही जोडी तर सगळीकडे आहे. ती जरूर तपासा. कुठला स्पर्श चांगला आणि कुठला वाईट, याचा निवाडा त्यात आठ वर्षांच्या मुलावर येतो. शिवाय वाईट गोष्ट आपल्याशी घडली म्हणजे आपणच वाईट, असा अर्थ मुलं लावू शकतात. ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द जड वाटतात, पण ‘कुणी असं केलं तर तुझी चूक नाही, मला येऊन सांग’ हे कुठल्याही मुलाला कळतं. आणि ‘अनोळखी माणसापासून सावध’ एवढ्यावर थांबणारा संदेश तर अर्धवटच म्हणायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत मुलांवरच्या बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीतलाच असतो.

बोली विसरू नका. मराठवाड्यात ‘लेकरू’ म्हटलं की आईचा जीव गलबलतो, पुण्याकडे त्याच जागी ‘पोरगं’ येतं, ‘बालक’ मात्र सगळीकडे सरकारी कागदासारखं वाजतं. मेळघाटात कोरकू, खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या घरांत तुमची प्रमाण मराठी कळते, पण जवळची वाटत नाही. तिथल्या आशाताईंना संदेश त्यांच्या बोलीत सांगायला लावा, आणि दुसऱ्या कुणाला तरी तो परत मराठीत सांगायला लावा. अर्थ कुठे निसटला, ते लगेच सापडतं.

कुणी मन मोकळं केलं तर काय, हे आधी ठरवा

ही पायरी झाल्याशिवाय एकाही माणसाशी बोलायचं नाही. माझ्या दृष्टीने या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

तुम्ही कितीही सांगितलंत की आम्ही फक्त पोस्टर दाखवायला आलोय, तरी कुणीतरी स्वतःचं सांगणारच. कधी ती तीस वर्षांपूर्वीची गोष्ट असेल, कधी शेजारच्या घरात आज चालू असलेली. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं, त्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे “तुम्ही सांगाल ते आमच्यापाशीच राहील” असं सरसकट वचन तुम्ही देऊ शकत नाही. संमती घेतानाच हे साध्या शब्दांत सांगा: “तुमचं नाव कुठे येणार नाही. पण एखाद्या मुलाला धोका आहे असं कळलं, तर आम्हाला ते कळवावं लागेल.” कचरून हे वाक्य गाळणारे लोक मी पाहिले आहेत. मग समोरची बाई विश्वासाने बोलून जाते, आणि तो विश्वास मोडावा लागतो.

त्या दिवशीची तयारी अशी ठेवा. गटाबाहेर, शक्यतो वेगळ्या खोलीत, ऐकून घेण्याचा अनुभव असलेली एक व्यक्ती बसलेली असावी. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, मोठ्यांसाठी टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा आणि बालकल्याण समितीचा संपर्क चिठ्ठीवर लिहून तयार असावा. गटात कुणी स्वतःचं सांगायला लागलं, तर अडवू नका आणि खोदूही नका. “हे सांगितलंत ते बरं केलंत, आपण दोघी नंतर बसू या का?” एवढं म्हणा, आणि खरोखर बसा.

मुलांसोबत चाचणी करायची असेल, तर आई-वडिलांची संमती लागतेच. शिवाय भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांचा लेखी होकार घ्यावा. मुलाने ‘नको’ म्हटलं की विषय संपला, आईचा होकार असला तरी. फोटो काढू नका. अहवालासाठीसुद्धा नको.

कुणाला, कुठे, कधी

एका ठिकाणी सहा ते आठ जणांचे गट पुरतात, पण गट नीट पाडा. सासू आणि सून एका गटात नकोत. सून बोलणार नाही. सरपंचांच्या घरच्यांना वेगळं बसवा. बापांना विसरण्याची चूक आपण सगळेच करतो, कारण आया अंगणवाडीत सापडतात आणि बाप सापडत नाहीत. ते पारावर, दूध डेअरीवर, सलूनच्या बाकावर सापडतात. तिथे जा. ऊसतोड भागातली चाचणी डिसेंबरात ठेवलीत, तर गावात म्हातारी माणसं आणि मागे राहिलेली मुलंच भेटतील.

गटाबरोबर आठ-दहा जणांशी एकेकट्याने बोला. गटात सगळे समाजाला शोभेल असं बोलतात. एकटं माणूस “खरं सांगू का” म्हणून सुरुवात करतं.

‘समजलं का?’ हा प्रश्न टाका

“समजलं का?” याला आपल्याकडे उत्तर एकच, “हो.” “आवडलं का?” यालाही तेच. लांबून आलेल्या माणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. त्याऐवजी मी हे विचारते, साधारण याच क्रमाने.

संदेश दाखवून, किंवा वाचता येत नसेल तर एकदा वाचून दाखवून, कागद बाजूला ठेवायचा. “तुमची बहीण आज आली नाही. तिला यातलं काय सांगाल?” माणूस स्वतःच्या शब्दांत काय सांगतं, ते शब्दन् शब्द टिपायचं. जे सांगताना गळालं, ते पोचलं नाही असं समजा.

मग: “हे कुणासाठी लिहिलंय असं वाटतं?” आमचं पोस्टर याच प्रश्नाला पडलं होतं. लोकांनी स्वतःला सोडून दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतलं, की समजायचं.

मग: “यात चूक कुणाची आहे असं हे पोस्टर म्हणतंय?” हा प्रश्न बहुतेक प्रश्नावल्यांत नसतो, आणि आपल्या विषयात तो लागतोच. उत्तर “आईची” असं आलं, तर संदेश घरातल्या सगळ्यात दमलेल्या माणसावर ओझं टाकतोय.

मग: “हे ऐकून तुमच्यासारख्या एखाद्या बाईला घरी गेल्यावर कसं वाटेल?” थेट तिचं विचारायचं नाही, ‘तुमच्यासारखी एखादी’ म्हणायचं. तिच्या स्वतःच्या बालपणाबद्दल तर कधीच विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर ती दुसरीच्या नावाने सांगेल, आणि तिची झाकली मूठ तशीच राहील.

शेवटी: “उद्या यातलं काय करून बघता येईल? आणि काय जमणार नाही?” ‘जमणार नाही’ची उत्तरं अधिक कामाची. एका बापाने मला विचारलं, “मारायचं नाही हे पटलं. पण मग पोरगं रस्त्यावर गाडीसमोर पळालं, तर त्या क्षणाला काय करू ते लिहा की.” त्याचं म्हणणं रास्त होतं. ‘नका’ने संपणारा संदेश माणसाला अर्ध्या वाटेवर सोडून देतो.

विरोध ऐकू आला तर बाजू मांडू नका. “आम्ही मार खाऊनच सुधारलो”, “धाक नसला की पोरं डोक्यावर बसतात” ही वाक्यं येणारच. त्या क्षणी तुम्ही समजावायला लागलात, की चाचणी संपली आणि भाषण सुरू झालं. “धाक म्हणजे नेमकं काय, सांगाल का?” असं विचारा. बहुतेकदा कळतं की त्यांना शिस्त हवी आहे, मुलाने ऐकावं असं वाटतंय, आणि मारापलीकडे दुसरा रस्ता कुणी दाखवलेला नाही. ‘शिस्त’ आणि ‘वळण’ हे शब्द आपल्या बाजूने वापरता येतात, ते मला अशाच उत्तरांतून उमगलं.

आकडा उलटा लागू शकतो

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. आपला हात लगेच लिहायला शिवशिवतो: ‘आजही पाचातल्या एकीचं लग्न अठराच्या आत!’ शासनाला, पत्रकारांना हलवायला हे ठीक. पण ज्या बापाचं मन डळमळतंय, त्याला यातून एवढंच ऐकू येतं की पुष्कळ जण करतात.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष तपासलं होतं. ‘अनेक पर्यटक इथलं अश्मीभूत लाकूड उचलून नेतात’ अशी पाटी लावली, तिथे चोरी वाढली. त्याच देशात अमली पदार्थांविरुद्ध तरुणांसाठी १९९८ ते २००४ या काळात मोठी माध्यम मोहीम चालली. मूल्यमापनात तिचा चांगला परिणाम दिसला नाही, उलट काही बाबतीत मुलांचा कल गांजाकडेच झुकल्याची चिन्हं होती. पैसा होता, हेतू चांगला होता.

तोच आकडा दुसऱ्या बाजूने धरा: ‘पाचातल्या जवळपास चौघी मुलींचं लग्न अठरानंतरच होतं.’ हेही तितकंच खरं आहे, आणि बापाला चार घरांची सोबत मिळते. पण माझं ऐकून तसंच छापू नका. दोन्ही वाक्यं दोन वेगळ्या गटांना दाखवा आणि विचारा, “तुमच्या गावात बहुतेक लोक काय करतात असं हे वाचून वाटतं?” ज्या गावात आसपासच्या निम्म्या मुलींची लग्नं लवकर होताना दिसतात, तिथे राज्याचा आकडा खोटा वाटेल आणि सगळ्या पोस्टरवरचाच विश्वास उडेल.

चित्र शब्दांआधी दाखवा

चित्रावरचा मजकूर झाकून विचारा, “इथे काय चाललंय?” काळोखात गुडघ्यात डोकं घालून बसलेलं मूल आपल्याला ‘पीडित’ वाटतं; मला उत्तरं मिळाली, “ताप आलाय”, “नापास झालंय”. घर, कपडे, भांडी फार गरिबीची काढली, तर मध्यमवर्ग म्हणतो हे वस्तीतलं. फार चकचकीत काढली, तर वस्ती म्हणते हे सिनेमातलं. फार भीषण चित्र असेल, तर ज्याने ते सोसलंय त्याला ते परत सोसावं लागतं. माझा अनुभव असा की इजा दाखवण्याऐवजी इजा टळतानाचा क्षण दाखवला की लोक थांबून बघतात.

उत्तरं कशी वाचायची, आणि आमच्या पोस्टरचं पुढे काय झालं

दर दिवसाच्या शेवटी, त्याच संध्याकाळी, टिपणं वाचा. मी कागदाचे तीन रकाने करते: ऐकणाऱ्यांचे मूळ शब्द, त्यातून निघालेली अडचण, आणि काय बदलायचं. एकाच माणसाने म्हटलेलं सोडून द्यायचं असं नाही. ‘कळलं नाही’ असं एकट्याने म्हटलं, तर थांबून बघा. ‘हे ऐकून आपण वाया गेलो असं वाटलं’ असं एकीनेही म्हटलं, तर वाक्य बदलायलाच हवं. इजेच्या बाबतीत बहुमत मोजायचं नसतं.

आमच्या दुसऱ्या मसुद्यात चढलेला बाप गेला. त्याच्या जागी नीटनेटक्या शर्टातला, खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी असलेला माणूस आला, सांडलेल्या दुधाकडे बघणारा. ओळ होती, ‘राग आला की दोन पावलं मागे या.’ डेअरीवरच्या एकाने विचारलं, “मागं येऊन करू काय?” म्हणून तिसऱ्या मसुद्यात लिहिलं: ‘राग आला? दोन पावलं मागे या. घोटभर पाणी प्या. मग लेकराशी बोला.’ हे लोकांनी बहिणीला सांगताना एकही तुकडा न गाळता सांगितलं.

पण पायरीवरच्या आईचा प्रश्न तसाच होता. मेंदूची ओळ काढून टाकली होती, तरी तिच्यासाठी काही म्हणायचं राहिलं होतं. ते वाक्य आम्हाला सुचलं नाही. दुसऱ्या फेरीत पन्नाशीतला एक ट्रॅक्टरवाला बराच वेळ चित्राकडे बघत बसला होता. तो म्हणाला, “आपण सोसलं. लेकरांनी नको.” आम्ही ते चार शब्द जसेच्या तसे वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत घेतले. ज्यांनी मार खाल्लाय त्यांना त्यात दोष नव्हता, मोठेपणा होता. त्यानंतरच्या गटांत “हे कुणासाठी लिहिलंय” याला “आमच्यासाठीच की” असं उत्तर यायला लागलं. लोकांचे शब्द असे उचलताना मात्र त्यांना विचारा.

बदल केल्यावर नव्या लोकांकडे जा. पहिल्या गटाला तोच विषय आता पाठ असतो. दोन फेऱ्या किमान कराव्यात. तिसऱ्या फेरीत नवं काही निघेनासं झालं, की थांबा.

दोन मसुद्यांतून एक निवडायचा असेल तर

‘सहा जणींना हा आवडला, दोघींना तो’ यावरून निवड करू नका. गटातले हात मोजायचे नसतात. खरी तुलना हवी असेल, तर माणसं चिठ्ठ्या टाकून दोन भागांत वाटा, प्रत्येकाला एकच मसुदा दाखवा आणि त्याने काही करून दाखवायचं असं मोजमाप ठेवा: हेल्पलाइनचा क्रमांक आठवतो का, माहितीची चिठ्ठी मागून घेतली का. किती माणसं लागतील? एका मसुद्याने शंभरातले ५० आणि दुसऱ्याने ६० असा फरक पकडायचा असेल, तर दर बाजूला सुमारे ३९० माणसं लागतात. ३० आणि ५० इतका ठळक फरक असेल, तर दर बाजूला शंभरेक पुरतात. एवढी माणसं जमणार नसतील, तर आकडेवारीचा आव न आणता दोन्हींतला कमी इजा करणारा घ्या.

मोबाइलवर पाठवायच्या संदेशाला एक वेगळी तपासणी लागते. घरातला फोन कुणाच्या हातात असतो, ते आधी विचारा. नवऱ्याच्या खिशातल्या फोनवर ‘घरात मारहाण होते का? इथे फोन करा’ असं झळकलं, तर त्या रात्री त्या घरात काय होईल, याचा विचार पाठवणाऱ्यानेच करायचा असतो.

छापल्यावर

छापील प्रत हातात आली की त्यावरचा क्रमांक त्याच गावातून, तिथल्या कुणाच्या तरी साध्या फोनवरून लावून बघा, रात्री आठ-नऊच्या सुमाराला. कोण उचलतं, कुठल्या भाषेत बोलतं, किती वेळ थांबवतं, ते लिहून ठेवा. मदत मागायला माणूस एकदाच धीर करतं. फोन लागत नसेल, तर तो क्रमांक पोस्टरवर ठेवायचा नाही, दुसरी सोय शोधायची.

आणि पंधरा दिवसांनी परत जा. आम्ही गेलो, तेव्हा आमचं पोस्टर अंगणवाडीत होतं, पण वजनकाट्याच्या मागे, छताजवळ, उभ्या माणसालाही मान वर करून वाचावं लागेल इतक्या उंचावर. सेविकाताई म्हणाल्या, खाली लावलं की पोरं कोपरे फाडतात. आम्ही जुन्या पुठ्ठ्यावर ते चिकटवलं, वरून प्लास्टिक लावलं आणि पाण्याच्या माठाशेजारी टांगलं, खाली बसलेल्या बाईच्या नजरेसमोर येईल असं.